स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास : जोखीम, तपासणी आणि उपचार

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मी संभाव्यता आणि सांख्यिकी हा विषय शिकवतो. काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. त्याच्या आईची मॅमोग्राफी झाली होती आणि अहवालात काहीतरी संशयास्पद दिसल्याने तिला पुन्हा बोलावले होते. ही तपासणी ‘नव्वद टक्के अचूक’ असते असे त्याने कुठेतरी वाचले होते. त्यावरून आईला कर्करोग असण्याची शक्यता नव्वद टक्के, असा हिशेब त्याने मांडला होता आणि आठवडाभर त्याला धड झोप नव्हती.

हिशेब चुकीचा होता. तो कुठे चुकला हे समजायला अर्धा तास पुरतो. वैद्यकशास्त्राला मात्र अशा प्रकारचे हिशेब नीट मांडायला शंभर वर्षे लागली, आणि त्या शंभर वर्षांत लाखो स्त्रियांनी गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या शस्त्रक्रिया सोसल्या.

२०२२ साली जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्याच अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू होते. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे.

या टिपणात आपण तीन प्रश्नांचा इतिहास पाहू. हा रोग कोणाला होतो? तो लवकर सापडला तर जीव वाचतो का? आणि सापडल्यावर किती उपचार पुरेसे असतात? तिन्ही प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या अधिकारवाणीने उत्तरे दिली गेली. ती उत्तरे बरोबर की चूक हे ठरले ते दोन गट शेजारी ठेवून मोजणी केल्यावर.

१. चाकूआधीचा काळ

इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस हा दस्तऐवज इ.स.पूर्व १६०० च्या सुमाराचा असून तो त्याहून जुन्या लिखाणाची नक्कल मानला जातो. त्यात स्तनातील गाठींचे वर्णन आहे आणि त्यावर उपचार नाही, असा निर्वाळाही आहे. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले. आपल्या ‘कर्करोग’ या शब्दातला कर्क तोच.

दुसऱ्या शतकातील गॅलेनच्या मते हा रोग शरीरातील काळ्या पित्ताच्या बिघाडातून होतो, म्हणजे तो साऱ्या शरीराचा रोग आहे. मग एक गाठ कापून काय उपयोग? हे मत युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. अठराव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद ल द्रां यांनी उलट मांडणी केली : रोग आधी स्तनातच असतो, तेथून तो लसिकावाहिन्यांमधून काखेतील गाठींकडे सरकतो, म्हणून वेळेवर कापला तर बरा होऊ शकतो.

‘रोग एका जागेचा की साऱ्या शरीराचा’ हा वाद पुढच्या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. तो लक्षात ठेवून पुढे जाऊ.

कापणे म्हणजे काय असे, हे इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांनी लिहून ठेवले आहे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, नेपोलियनच्या सैन्याचे प्रसिद्ध शल्यविशारद लारे यांनी त्यांचा स्तन काढला. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हतेच. बर्नींनी ही हकिकत नंतर बहिणीला पत्रातून कळवली. त्या पुढे १८४० पर्यंत जगल्या. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरच्या भुलीचे प्रात्यक्षिक झाले आणि १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुरोधक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. वेदना आणि जंतुसंसर्ग हे दोन अडथळे दूर झाले. आता शल्यविशारदाला हवे तेवढे कापणे शक्य होते.

२. मुळापासून उपटण्याचे तर्कशास्त्र

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ मध्ये ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांची शस्त्रक्रिया मोठी होती. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी असे सारे एकसंध काढले जाई. युरोपातल्या नामांकित शल्यविशारदांच्या रुग्णांमध्ये त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. हॅल्स्टेड यांच्या ५० पैकी फक्त ३ रुग्णांमध्ये तसे झाले. या शस्त्रक्रियेला ‘रॅडिकल’ म्हणू लागले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मूळ’, म्हणजे ही मुळापासून उपटणारी शस्त्रक्रिया.

रोग एका केंद्रापासून वर्तुळासारखा पसरतो, म्हणून वर्तुळाच्या बाहेरून कापावे, हे तर्कशास्त्र पटण्यासारखे होते. पण हॅल्स्टेड यांनी मोजले ते ‘त्याच जागी रोग उलटला का’ एवढेच. ‘स्त्री जगली का’ हा प्रश्न वेगळा आहे. काखेत रोग पोहोचलेल्या स्त्रिया मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही यकृत, हाडे किंवा फुप्फुसांत रोग निघून दगावत. ज्यांच्या काखेत रोग नव्हता त्या बऱ्याच टिकत. हा फरक खुद्द हॅल्स्टेड यांच्या १९०७ च्या अहवालात दिसतो.

त्यातून निष्कर्ष मात्र निघाला तो आणखी कापण्याचा. १९५० च्या दशकापर्यंत काही शल्यविशारद बरगड्यांचा भाग काढून छातीच्या आतील ग्रंथीही काढू लागले होते. ज्या स्त्रिया वाचत त्यांची छाती खोलगट होई, हात सुजून जड होई, खांदा नीट हलत नसे. हे सोसणे ही जिवाची किंमत मानली जाई. ती किंमत खरोखर द्यावी लागते का, हे कोणी तपासले नव्हते.

शंका घेणारे होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे बंधू) १९२० च्या दशकापासून छोटी शस्त्रक्रिया आणि रेडियमच्या सुया वापरत होते. १९३७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निकाल मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचे होते. पण त्यांचे रुग्ण वेगळे, हॅल्स्टेडपंथीयांचे रुग्ण वेगळे. तुलना समान गटांची नसल्याने वाद मिटला नाही.

३. कोणाला होतो? जोखमीचा शोध

शल्यविशारद कापण्याच्या सीमा वाढवत असताना दुसरीकडे मोजणीचे वेगळे काम चालू होते.

इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते की मठांतील जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. त्यांनी दिलेले कारण बरोबर नव्हते, पण निरीक्षण खरे होते. दोनशे वर्षांनी, १९२६ मध्ये, ब्रिटनमधील जेनेट लेन-क्लेपॉन या डॉक्टर स्त्रीने ५०० रुग्ण स्त्रिया आणि तशाच परिस्थितीतील, पण कर्करोग नसलेल्या ५०० स्त्रिया यांची पद्धतशीर तुलना केली. रुग्ण स्त्रियांचे लग्न उशिरा झालेले, मुले कमी आणि स्तनपानही कमी, असे आढळले. आज ज्याला ‘केस-कंट्रोल अभ्यास’ म्हणतात त्याच्या सुरुवातीच्या आदर्श नमुन्यांमध्ये हे काम मोजले जाते.

भारतात अशी मोजणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने तेथे देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी उभी केली. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींवरून दाखवले की मुंबईतील पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे. उशिरा लग्न आणि कमी मुले ही या समाजाची वैशिष्ट्ये होती. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे होता आणि स्तनाचा मागे. वयाचा फरक काढून टाकून तुलना केली तरी स्तनाच्या कर्करोगाचे मुंबईतील प्रमाण बार्शीच्या दुपटीहून अधिक निघते. दोन्ही ठिकाणे एकाच राज्यातली. एवढा फरक रक्ताने पडत नाही, जगण्याच्या पद्धतीने पडतो.

या सगळ्यांना जोडणारा धागा इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आहे. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा थांबणे, पहिले मूल उशिरा होणे किंवा न होणे, स्तनपान कमी होणे, पाळी थांबल्यानंतरचा लठ्ठपणा आणि मद्यपान या गोष्टींनी जोखीम वाढते. सर्वांत मोठा घटक वय. आनुवंशिक भागाचा उलगडा अलीकडचा आहे. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१ या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि १९९४ मध्ये ते जनुक वेगळे करण्यात आले. त्यात दोष असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात कधी तरी हा रोग होतो. पण एकूण रुग्णांमध्ये अशा आनुवंशिक दोषाचा वाटा ५ ते १० टक्केच आहे. ‘आमच्या घरात कोणाला नाही’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. बहुतेक रुग्ण स्त्रियांच्या घरात तो आधी कोणालाच झालेला नसतो.

इथे एक सावधगिरी हवी. जोखीम ही गटाची असते, दोष व्यक्तीचा नसतो. लग्न उशिरा केले म्हणून अमुक स्त्रीला कर्करोग झाला, असे विधान या आकड्यांवरून करता येत नाही. आपल्याकडे ते फार सहज केले जाते.

४. नाणेफेक : फिशर आणि व्हेरोनेसी

शेतीच्या प्रयोगांमध्ये जमिनीचे तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटण्याची पद्धत संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी रूढ केली होती. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी या तत्त्वावर झाली होती. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे डॉक्टरने न ठरवता योगायोगाने ठरवायचे. मग दोन्ही गट वय, प्रकृती, रोगाची अवस्था अशा सर्व बाबतींत सरासरीने सारखे होतात आणि उरलेला फरक उपचाराचा असतो.

हेच तत्त्व अमेरिकेतील पिट्सबर्गचे शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांनी हॅल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियेला लावले. (दोन फिशरांचा एकमेकांशी संबंध नाही.) प्रयोगशाळेतील कामावरून त्यांना वाटू लागले होते की कर्करोगाच्या पेशी रक्तातून फार लवकर दूर जातात, त्यामुळे कापण्याचे वर्तुळ मोठे करून नशीब बदलत नाही. १९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत १,६६५ स्त्रियांनी भाग घेतला. काहींवर हॅल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, तर काहींचा फक्त स्तन काढून स्नायू राखले गेले. रुग्ण मिळवणे अवघड होते, कारण आपली शस्त्रक्रिया नाणेफेकीवर सोडणे अनेक शल्यविशारदांना अनैतिक वाटे. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही गटांच्या जगण्यात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. स्नायू कापण्याची गरज नव्हती.

मग पुढचा प्रश्न आला : स्तन तरी पूर्ण काढण्याची गरज आहे का? इटलीत मिलान येथे उंबर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांमध्ये ही तुलना केली आणि १९८१ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. स्तनाचा एक चतुर्थांश भाग काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया हॅल्स्टेड पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या. फिशर यांची दुसरी चाचणी १९७६ मध्ये सुरू झाली. तिचे २० वर्षांचे निकाल स्पष्ट होते. जगण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखे होते. फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. गाठ काढून किरणोपचार दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होते.

या चाचणीला गालबोट लागले. मॉन्ट्रिअलमधील एका शल्यविशारदाने काही रुग्णांच्या नोंदींत खोटी माहिती भरल्याचे उघड झाले आणि १९९४ मध्ये त्यावरून मोठे वादळ उठले. तेथील सर्व रुग्ण वगळून गणित पुन्हा केले, तेव्हा निष्कर्ष तोच निघाला. चांगल्या रचनेच्या अभ्यासाची हीच ताकद असते : एक खांब काढला तरी इमारत उभी राहते.

रुग्ण स्त्रियांचा वाटाही विसरता कामा नये. तेव्हा प्रथा अशी होती की गाठीचा तुकडा तपासायला घेत आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकत. स्त्री शुद्धीवर येई तेव्हाच तिला कळे. स्वतः रुग्ण असलेल्या पत्रकार रोझ कुशनर यांनी या प्रथेविरुद्ध सातत्याने लढा दिला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन टप्पे वेगळे करण्याची शिफारस केली.

५. औषधांचा काळ

रोग साऱ्या शरीराचा असेल, तर उपचारही साऱ्या शरीरात पोहोचणारा हवा. १८९६ मध्येच ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी दाखवले होते की अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांमधील पसरलेला रोग आक्रसतो. यामागचे कारण पुढे कळले. अनेक गाठींच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात.

१९६२ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीत गर्भनिरोधक म्हणून बनवलेले टॅमॉक्सिफेन त्या कामी आले नाही, पण ते हे ग्राहक अडवते. ग्राहक असलेल्या रोगात ते पाच वर्षे घेतल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते, हे नंतर हजारो स्त्रियांच्या एकत्रित आकडेवारीतून सिद्ध झाले. गोळी स्वस्त आहे, घरी घेता येते. १९७६ मध्ये मिलानच्या बोनादोन्ना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते, असे दाखवले. १९९८ मध्ये एचईआर-२ या प्रथिनाविरुद्धचे ट्रॅस्टुझुमॅब अमेरिकेत मान्य झाले.

पण औषधांच्या बाबतीतही हॅल्स्टेड यांचा मोह परत आला. १९९० च्या दशकात केमोथेरपीचा अतिप्रचंड डोस देऊन, नष्ट झालेला अस्थिमज्जा रुग्णाच्याच साठवलेल्या पेशींनी परत भरण्याचा उपचार लोकप्रिय झाला. चाचण्या पूर्ण होण्याआधीच अमेरिकेत हजारो स्त्रियांनी तो घेतला. १९९९ मध्ये पाच चाचण्यांचे निकाल एकत्र आले. चारांत फायदा दिसला नाही. फायदा दाखवणारी पाचवी चाचणी दक्षिण आफ्रिकेतील होती, आणि तिच्या नोंदी बनावट असल्याचे पुढच्याच वर्षी उघड झाले.

६. लवकर सापडले म्हणजे वाचले का?

१९६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील एका आरोग्य विमा योजनेत ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांवर तपासणीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली. निम्म्यांना मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी, उरलेल्यांना नेहमीची सेवा. काही वर्षांत तपासणीच्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील चाचणीतही जवळपास एवढीच घट दिसली.

कॅनडाचा निकाल मात्र वेगळा आला. १९८० पासून सुरू झालेल्या चाचणीत ८९,८३५ स्त्रिया होत्या. २५ वर्षांनंतर मॅमोग्राफीच्या गटात या रोगाने ५०० आणि दुसऱ्या गटात ५०५ मृत्यू झाले होते. या चाचणीतील चित्रांचा दर्जा आणि गटवाटणी यांवर टीका झाली. पण एक गोष्ट आपल्या देशासाठी मोलाची होती : पन्नाशीपुढील स्त्रियांच्या दोन्ही गटांना प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी मिळत होती. तिच्यावर मॅमोग्राफीची भर घालून वेगळा फायदा दिसला नाही.

हे आकडे वाचताना तीन सापळे ओळखावे लागतात.

पहिला, आगाऊ वेळेचा. समजा एक स्त्री ६० व्या वर्षी दगावणार आहे. गाठ ५७ व्या वर्षी हाताला लागली तर ती निदानानंतर ३ वर्षे जगली. तीच गाठ तपासणीत ५४ व्या वर्षी सापडली तर ६ वर्षे जगली. ‘पाच वर्षे जगणाऱ्यां’च्या यादीत ती आली, पण आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. म्हणून तपासणीचे यश मृत्युदरावरून मोजतात.

दुसरा, अतिनिदानाचा. काही गाठी इतक्या मंद असतात की त्या स्त्रीला आयुष्यभर त्रास देणार नसतात. त्या सापडल्या की उपचार होतात आणि आकड्यांत ‘बरी झाली’ अशी नोंद होते.

तिसरा सापळा माझ्या विद्यार्थ्याचा. समजा १,००० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतल्या ५ जणींना खरोखर रोग आहे. तपासणीने ५ पैकी ४ पकडल्या. निरोगी ९९५ पैकी समजा ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० जणींनाही तिने चुकून संशयित ठरवले. पुन्हा बोलावलेल्या ५४ स्त्रियांपैकी रोग ४ जणींना, म्हणजे सुमारे ७ टक्के. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण चित्र असेच असते. फळ्यावर हे मांडल्यावर तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “सर, म्हणजे पुढची तपासणी करायलाच हवी, पण घाबरायचं कारण नाही.” यापेक्षा चांगला सारांश मला सुचत नाही. त्याच्या आईची गाठ साधी निघाली.

७. मुंबईची चाचणी

भारतात प्रश्न आणखी वेगळा होता. मॅमोग्राफीची यंत्रे आणि चित्रे वाचणारे तज्ज्ञ थोडे, आणि रुग्ण स्त्रिया पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी सुमारे दहा वर्षांनी लहान. कमी वयात स्तन दाट असतो, त्यामुळे क्ष-किरण चित्रात गाठ दिसणे अवघड जाते.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने (स्थापना १९४१) म्हणून वेगळा प्रयोग केला. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांचे २० विभाग निवडून ते चिठ्ठ्यांनी दोन गटांत वाटले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यांत होत्या. एका गटात दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत हाताने स्तनांची तपासणी केली. दुसऱ्या गटाला रोगाची माहिती दिली आणि पाठपुरावा ठेवला.

निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्ण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. मृत्यू एकंदरीत १५ टक्क्यांनी घटले, पण ही घट सांख्यिकीच्या निकषावर निर्णायक ठरली नाही. तपासणीचा काहीच उपयोग नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ७ टक्के होती, आणि रूढ मर्यादा ५ टक्क्यांची आहे. पन्नास आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांमध्ये मात्र घट सुमारे ३० टक्के आणि निर्णायक होती. पन्नाशीच्या आत तसा फायदा आढळला नाही.

याच चाचणीत गर्भाशयमुखाचीही तपासणी झाली. त्या भागाबद्दल टीका झाली की नियंत्रण गटाला तपासणी न देणे अन्यायाचे होते. संशोधकांचे उत्तर असे होते की देशात तेव्हा कोणतीही नियमित तपासणी उपलब्धच नव्हती. दोन्ही बाजू वर्गात चर्चा करण्याजोग्या आहेत.

शंभर वर्षांच्या या इतिहासात मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. दहावी शिकलेली एक बाई, तिचे प्रशिक्षित हात आणि वेळेवर पुढे पाठवण्याची सोय, एवढ्यावर पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे प्राण वाचवता येतात, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोजून सिद्ध झाले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करण्याचे सांगितले आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जिची कधी तरी अशी तपासणी झाली आहे, त्यांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. ज्ञान आपल्याच देशात तयार झाले, पण ते घराघरांत अजून पोहोचलेले नाही.

८. कमी, पण पुरेसे

फिशर यांनी उघडलेली वाट अजून पुढे चालू आहे. २०११ मध्ये जिउलियानो यांच्या चाचणीने दाखवले की काखेतील एक-दोन पहारेकरी ग्रंथींत थोडा रोग असला, तरी गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रियांमध्ये सगळ्या ग्रंथी काढण्याची गरज नसते. २०१८ मध्ये दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका चाचणीने, संप्रेरकग्राही आणि काखेत न पसरलेल्या रोगात बहुसंख्य स्त्रियांना केमोथेरपी टाळता येते असे सिद्ध केले. किरणोपचार पूर्वी पाच-सहा आठवडे चालत. ते तीन आठवड्यांवर आले, आणि २०२० च्या ब्रिटिश चाचणीत एक आठवडाही तितकाच परिणामकारक ठरला. गावाहून शहरात येऊन राहणाऱ्या कुटुंबासाठी या आकड्याचा अर्थ थेट आहे : बुडालेली मजुरी आणि भाड्याची खोली. किरणोपचार दूर आहे म्हणून स्तन वाचवणे शक्य असूनही काढून टाकावा लागणे, हे आपल्याकडे अजूनही घडते.

टाटा मेमोरियलच्या दोन चाचण्यांचा उल्लेख करायला हवा. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले की रोग आधीच शरीरभर पसरला असेल, तर केमोथेरपीला प्रतिसाद मिळाल्यावर स्तनाची शस्त्रक्रिया आणि किरणोपचार केल्याने आयुष्य वाढत नाही. आणि २०२३ मध्ये, देशातील ११ केंद्रांतील १,६०० स्त्रियांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती साधे स्थानिक भुलीचे औषध टोचल्यास पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. ते औषध प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असते.

सारांश

हॅल्स्टेड निष्काळजी नव्हते. ते निष्णात आणि प्रामाणिक शल्यविशारद होते. त्यांचे तर्कशास्त्र तुलनेच्या कसोटीवर लागायला मात्र ऐंशी वर्षे गेली. रोगाचे स्वरूप एका जागेचे आणि साऱ्या शरीराचे असे दोन्ही असते. म्हणून आज शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांचा मेळ गाठीच्या प्रकाराप्रमाणे घातला जातो.

वाचकांनी हे टिपण परीक्षेपुरते ठेवू नये. घरातल्या स्त्रियांना एवढे जरूर सांगावे : स्तनातील न दुखणारी गाठ अधिक काळजीने घ्यायची असते. त्वचेला खळी पडली, स्तनाग्र आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले तर डॉक्टरांना दाखवावे. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही आपल्याकडची समजूत निराधार आहे, आणि तिच्यापायी गेलेले महिने परत मिळत नाहीत. पुरुषांनाही हा रोग होतो, एकूण रुग्णांत सुमारे १ टक्का. आणि निदान झाले तर ‘सगळे काढून टाका’ म्हणण्याआधी विचारावे : यातून नेमके काय साधेल, आणि ते कोणत्या तुलनेतून ठरले आहे?

स्वाध्याय

१. हॅल्स्टेड यांनी मोजलेली गोष्ट आणि फिशर यांनी मोजलेली गोष्ट यांतील फरक स्पष्ट करा.

२. विभाग ६ मधील तिसऱ्या उदाहरणात रोगाचे प्रमाण १,००० पैकी ५ ऐवजी ५० धरा. पुन्हा बोलावलेल्या स्त्रियांपैकी किती टक्के खरोखर रुग्ण निघतील? हाच हिशेब वापरून, तपासणीचे वय ठरवताना रोगाचे प्रमाण का पाहावे लागते ते लिहा.

३. मुंबईच्या चाचणीत व्यक्तींऐवजी संपूर्ण विभाग चिठ्ठ्यांनी का वाटले असावेत? त्याचे फायदे आणि मर्यादा सांगा.

४. आपल्या जिल्ह्यात अशी तपासणी सुरू करायची असेल तर गाठ सापडल्यानंतरच्या कोणत्या सोयी आधी उभ्या कराव्या लागतील? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला भेट देऊन उत्तर लिहा.